पेत्र, पेटी आणि गिटार

गेल्या डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यातील गोष्ट. दिवेलागणीच्या सुमारास दारावरची घंटा वाजली. दार उघडून पाहतो तो पस्तिशी ओलांडलेला एक गृहस्थ उभा. पाठीला गिटारची काळी पिशवी आणि हातात पाने सुटू नयेत म्हणून सुतळीने बांधलेले एक जाड पुस्तक. "सर, ओळखलंत?" असे त्याने विचारले, आणि आम्ही ओळखले. खरे सांगायचे तर आम्ही त्याला कधी विसरलोच नव्हतो, आणि त्याचे कारण आम्हांस फारसे भूषणावह नाही.

२००२ साली आम्ही शहरातील एका सरकारी मराठी शाळेत साहाय्यक शिक्षक होतो. स्नेहसंमेलनाचा कार्यक्रम बसविणे हे काम आमच्याकडे असे. हा मुलगा तेव्हा नववीत होता. मराठी ख्रिस्ती कुटुंबातला, वडील रेल्वेच्या कारखान्यात, घर सिकंदराबादेस. मराठीत बरा, गणितात बेताचा, आणि मधल्या सुट्टीत बाकावर बोटांनी ताल धरण्यात पटाईत. नारायण वामन टिळकांचे एक भजन आपण स्नेहसंमेलनात म्हणतो, असे त्याने आम्हांस येऊन सांगितले. आम्हांस आनंद झाला. पण तालमीच्या दिवशी तो गिटार घेऊन आला आणि त्याच्याबरोबर त्याचा एक मावसभाऊ ढोलकीऐवजी लहानसा ड्रम घेऊन आला. दोन ओळी ऐकताच आम्ही हात वर केला. "अरे, हे टिळकांचे भजन आहे, पाश्चात्त्यांचा धांगडधिंगा नव्हे. म्हणायचे असेल तर पेटी-तबल्यावर म्हण. आपली वाद्ये आण," असे आम्ही सर्वांसमक्ष म्हणालो. तो क्षणभर उभा राहिला, मग आपल्या हैदराबादी वळणाने "नक्को सर" एवढेच म्हणाला आणि गिटार पिशवीत घालून निघून गेला. त्या वर्षी ते भजन झाले नाही. आम्ही मराठी संस्कृतीचे रक्षण केले, असे आम्हांस त्या रात्री प्रामाणिकपणे वाटले होते.

आता तो समोर बसून चहा पीत होता. शहरातल्या आपल्या चर्चमध्ये त्याने आठ-दहा तरुणांचा वाद्यवृंद उभा केला आहे. ते तेलुगूत गातात, हिंदीत गातात, इंग्रजीत गातात. मराठीत मात्र नाही, कारण गाणाऱ्यांपैकी मराठी बोलणारा हा एकटाच. घरात अठ्ठ्याऐंशी वर्षांची आजी आहे. अंथरुणाला खिळली आहे. या नाताळात मला एकदा आपल्या भाषेतले भजन ऐकवा, असा तिचा हट्ट. हातातले पुस्तक तिचेच. 'उपासना संगीत' हा मराठी ख्रिस्ती मंडळ्यांचा गीतसंग्रह. त्याने पान उघडून दाखविले. तेच भजन होते. "सर, शब्द आहेत, पण चाल बसत नाही. आम्ही बसवली की शब्द मोडतात. तुम्ही त्या वेळेस सांगितलं होतं ना, पेटीवर म्हण. तर ते पेटीवर कसं म्हणायचं, ते सांगा."

त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता, म्हणूनच ते अधिक लागले. आम्ही त्याला आठ दिवसांनी यावयास सांगितले. जाताना त्याने आम्हांस एक पेन ड्राइव्ह दिला. ज्या संगीतापायी आपण गिटार हाती घेतली ते यात आहे, वेळ मिळाल्यास ऐका, असे म्हणाला. मग ते आठ दिवस आम्ही एका कानाने अमेरिका ऐकली आणि दुसऱ्या डोळ्याने अहमदनगर वाचले. (कानाला डोळा जोडल्याबद्दल आमचे व्याकरणप्रेमी वाचक क्षमा करतील.)

पेन ड्राइव्हवर 'पेट्रा' नावाच्या वाद्यवृंदाची गीते होती. ग्रीक भाषेत या शब्दाचा अर्थ खडक. मराठी बायबलातला 'पेत्र' तो हाच, ज्याला ख्रिस्ताने खडक म्हटले. आणि इंग्रजीत खडक म्हणजे रॉक, म्हणजे नावातच श्लेष. १९७२ मध्ये अमेरिकेतील इंडियाना राज्यात, फोर्ट वेन या गावी बॉब हार्टमन नावाच्या गिटारवादकाने चारचौघांना जमवून हा वृंद काढला. त्याआधी १९६९ मध्ये लॅरी नॉर्मन याने रॉकच्या ढंगात ख्रिस्ती गीतांची एक तबकडी काढून वाट पाडली होती, पण ती वाट अजून पायवाटच होती. पेट्राची पहिली तबकडी १९७४ ची. ती ऐकताना शेतांमधून जाणाऱ्या रस्त्याची आठवण होते. गिटारचा ग्रामीण अमेरिकन बाज, आवाज मोकळा, घाई नाही. खप बेताचाच झाला. देवळात येणाऱ्यांना तो आवाज फार कर्कश वाटे आणि रॉक ऐकणाऱ्यांना त्यातले शब्द फार देवळातले.

पुढे दहा वर्षांत तो आवाज ओळखू येईनासा झाला. ग्रेग व्होल्झ हा उंच आणि गोड गळ्याचा गायक आला. १९८१ नंतर सिंथेसायझर हे विजेवर चालणारे पेटीचे नातवंड आले, आणि गीतांच्या मागे जणू काचेची भिंत उभी राहिली. १९८५ मध्ये व्होल्झ निघून गेला. त्याच्या जागी जॉन श्लिट आला. हा आधी 'हेड ईस्ट' या लौकिक रॉक वृंदात गाणारा. त्याचा गळा खरखरीत, टिपेला जाणारा. वृंदाचा आवाज कडक झाला, गिटार पुढे सरसावली. १९८९ मध्ये त्यांनी सर्वांना बरोबर म्हणता येतील अशा साध्या उपासनागीतांची तबकडी काढली. १९९० ची 'बियॉन्ड बिलीफ' ही तर त्यांच्या कीर्तीचा कळस समजली जाते. तिला ग्रॅमी पारितोषिक मिळाले, आणि पुढे आणखी तीन मिळाली. शेवटचे मिळाले ते २००० च्या तबकडीला, जिच्यात त्यांनी आपली जुनी गीते विजेचा कल्लोळ बाजूस ठेवून साध्या गिटारीवर पुन्हा म्हटली होती. मग २००३ मध्ये पुन्हा एक कडकडाटी तबकडी, आणि २००५ च्या अखेरच्या रात्री निरोपाचा कार्यक्रम. पुढे अधूनमधून ते एकत्र आले, परंतु तेहतीस वर्षांची सलग कारकीर्द तेथे संपली.

आम्हांस हे सारे संगीत आवडले, असे म्हटल्यास ते खोटे ठरेल. काही गीते आम्ही दोन मिनिटांत थांबविली. पण २००० ची ती साधी तबकडी मात्र दोनदा ऐकली, आणि १९७४ ची तीनदा. आणि एक गोष्ट ध्यानात आली. गायक बदलले, वाद्ये बदलली, पोशाख आणि केशरचनाही बदलल्या, पण गीतांचा विषय तसूभरही बदलला नाही. तेहतीस वर्षे हे लोक एकच गोष्ट सांगत होते आणि ती सांगण्यासाठी त्या त्या दशकातल्या तरुणांच्या कानांत आधीच घुमत असलेला नाद उसना घेत होते.

त्यांना बोल लावणारेही होतेच. १९८७ मध्ये जिमी स्वॅगर्ट या प्रसिद्ध अमेरिकन धर्मोपदेशकाने धार्मिक रॉक म्हणजे मेंढराचे कातडे पांघरलेला लांडगा, अशा आशयाचे पुस्तकच लिहिले. गंमत अशी की, हे स्वॅगर्ट महाशय स्वतः पियानो वाजवून गात, आणि त्यांचा पियानो त्यांचा चुलत-मावस नात्यातला भाऊ जेरी ली लुईस याच्या वळणाचा. हा लुईस रॉक अँड रोलच्या आद्य वादकांपैकी एक! घरातल्या वाद्याची सवय झाली की ते पवित्र वाटू लागते, आणि शेजाऱ्याचे तेवढे सैतानाचे. हे वाचून आम्ही हसलो. आपल्यावरही हसण्याची पाळी येणार आहे, हे अजून ठाऊक नव्हते.

आता मराठीकडे येऊ. आमच्या अनेक वाचकांना, आमच्याप्रमाणेच, मराठी ख्रिस्ती गीत म्हटले की टिळक आठवतात आणि तेथेच विचार थांबतो. पण टिळकांपूर्वी मराठीत या गीताचा आवाज दोनतीनदा बदलून गेला होता. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने गोव्यात 'क्रिस्तपुराण' रचले, ते १६१६ मध्ये रायतूर येथे छापले गेले. अकरा हजारांच्या आसपास ओव्या, आणि ओवी ती आपलीच, जात्यावरची आणि ज्ञानोबांची. गोव्यातल्या देवळांत ते पुराण वाचले आणि गाइले जाई. पुढे १६८४ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयने लोकांच्या भाषेविरुद्ध फर्मान काढले आणि तो नाद हळूहळू क्षीण झाला.

दोन शतकांनंतर अमेरिकन मिशनरी आले, १८१३ मध्ये मुंबईस आणि १८३१ मध्ये अहमदनगरास, म्हणजे आजच्या अहिल्यानगरास. त्यांना स्टीफन्सची ओवी कोण सांगणार? त्यांनी आपल्या देशातली गीते मराठीत आणली आणि आपल्याच देशातल्या चालींवर बसविली. येथे घोटाळा झाला, आणि तो मराठीच्या शिक्षकाने समजावून सांगावा असाच आहे. इंग्रजी गीत आघातावर चालते. एक अक्षर हलके, पुढचे जड, पुन्हा हलके, पुन्हा जड, अशी त्याची पावले. मराठी शब्दाला असा ठळक आघात नाही. तेथे ऱ्हस्व-दीर्घाचे राज्य. आता 'देवा' हा शब्द घ्या. दोन्ही अक्षरे दीर्घ. इंग्रजी चाल हलक्या पावलाने सुरू होते, तेव्हा 'दे' हे अक्षर चिमटीत सापडल्यासारखे चटकन उरकावे लागते आणि 'वा' लांबत जातो. देवाला हाक मारावी आणि ती हाक अडखळावी, असा प्रकार. भावार्थ कितीही उदात्त असो, मराठी कानाला ते परक्याचे बोलणे वाटे. त्या काळच्या नवख्रिस्ती शेतकऱ्याने ते किती निष्ठेने म्हटले असेल, याची कल्पना करावी आणि आदराने गप्प बसावे.

ही अडचण ओळखली ती नगरच्याच कृष्णाजी रत्नाजी सांगळे यांच्यासारख्या कवि-कीर्तनकारांनी. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यांनी ख्रिस्ती कीर्तन उभे केले. पाठीमागे झांज-मृदंग, समोर कीर्तनकार. आधी निरूपण, मग आख्यान. आख्यानात साक्या, दिंड्या, पदे. फक्त हरिश्चंद्राच्या जागी बायबलातली कथा. खेड्यातल्या चावडीपुढे हे कीर्तन सुरू झाले की ऐकायला सारा गाव जमे, कारण कथा नवी असली तरी ती सांगण्याची रीत पिढ्यान्‌पिढ्या ओळखीची. आमच्या मते मराठीतला पहिला 'ख्रिस्ती वृंद' तो हाच. आणि त्याच्यावरही आक्षेप होता तो पेट्रावर होता तोच: झांज-मृदंग देवळातले, ते इकडे कशाला? जुना धर्म सोडून आलेल्यांना जुन्या धर्माचे वाद्य ऐकून धास्ती वाटे. ती धास्तीही आम्हांस समजू शकते. ज्या घराचे दार मागे बंद झाले, त्या घरातली घंटा ऐकू आली की पोटात कालवते.

मध्येच मुक्तिफौजेची आठवण सांगून टाकतो, कारण ती मोठी मौजेची आहे. इंग्लंडात विल्यम बूथ यांनी स्थापलेल्या या पंथाने दारूगुत्त्यांतल्या आणि रंगगृहांतल्या चाली उचलून त्यांवर भजने घातली होती. १८८२ च्या सप्टेंबरात त्यांची चार माणसे मुंबईच्या बंदरावर उतरली. पुढारी फ्रेडरिक टकर, आधी इंग्रज सरकारच्या सनदी नोकरीत असलेला. त्यांनी वाजतगाजत मिरवणुका काढल्या. हिंदू-मुसलमान चिडतील या भीतीने सरकारने त्या अडविल्या, अटका केल्या, टकरला तुरुंगही दाखविला. ख्रिस्ती सरकारने ख्रिस्ती भजन म्हणणाऱ्यांना गजाआड करावे! पुढे टकरने 'फकीर सिंग' असे नाव घेतले, भगवी वस्त्रे घातली आणि तो अनवाणी हिंडू लागला. आवाजाप्रमाणे वेषही उसना घ्यावा लागतो, हे त्याला लवकर उमगले.

आणि मग टिळक. कोकणातल्या करजगावी १८६१ मध्ये जन्मलेला हा चित्पावन ब्राह्मण, संस्कृताचा व्यासंगी, शीघ्रकवी. १८९३ मध्ये राजनांदगावच्या बाजूला जाताना आगगाडीत एका युरोपियन सहप्रवाशाने दिलेले नवा करार हे पुस्तक त्यांनी वाचले, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंनी तो पाच वर्षांनी, १९०० मध्ये घेतला. मधल्या ताटातुटीची हकीकत 'स्मृतिचित्रे'त आहे, आणि ती ज्याने वाचली नसेल त्याने हे सदर येथेच बाजूस ठेवून आधी ती वाचावी.

टिळकांनी धर्म बदलला, पण कान बदलला नाही. आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत. पुलावरून पलीकडे गेलेला मनुष्य बहुधा पूल मोडून टाकतो. टिळकांनी तो जपला, रुंद केला आणि त्यावरून येजा सुरू ठेवली. त्यांनी अभंग लिहिले, पदे लिहिली, स्वतः कीर्तने केली. १९०९ मध्ये आरंभिलेले 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य ओवीत आहे. ते त्यांच्या हातून अपुरे राहिले, पुढे लक्ष्मीबाईंनी पुरे केले. आज मराठी ख्रिस्ती गीतसंग्रह उघडला की पानोपानी टिळक भेटतात. निकोल मॅकनिकोल या पुण्याच्या स्कॉटिश मिशनऱ्याने त्यांच्या काही गीतांचे इंग्रजी केले आणि ती गीते तिकडच्या उपासनापुस्तकांत गेली. म्हणजे ज्या रस्त्याने परक्या चाली आल्या होत्या, त्याच रस्त्याने अभंगाचा आशय परत निघाला.

पण हे सहज घडले असे समजू नये. १९१७ मध्ये टिळकांनी मिशनचे काम आणि वेतन सोडले आणि 'देवाचा दरबार' उभारण्याचा संकल्प केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेलेही ख्रिस्तभक्त एकत्र बसावेत, अशी त्यांची कल्पना. हिंदूंनी त्यांना बाटगा म्हटले होतेच. आता काही ख्रिस्ती बांधवांच्याही भुवया वर गेल्या. दोन वर्षांनी, ९ मे १९१९ रोजी ते वारले. दरबार पुरा उभा राहिला नाही. भजने राहिली. आमच्या मते टिळकांच्या हातून झालेले सर्वांत मोठे काम ही भजनेच होत. फुलामुलांच्या कविता आम्ही वर्गात पंचवीस वर्षे शिकविल्या, भजने एकदाही शिकविली नाहीत. पाठ्यपुस्तकात नव्हती, हे कारण खरे. पण पुरेसे नव्हे.

आता पेटीचे सांगतो. त्या मुलाला "आपली वाद्ये आण" असे आम्ही ठासून सांगितले होते, तेव्हा आपले वाद्य म्हणून जे आमच्या डोळ्यांपुढे होते ती पेटी, म्हणजे हार्मोनियम, एकोणिसाव्या शतकात, १८४० च्या सुमारास पॅरिसमध्ये देबँ नावाच्या कारागिराने सिद्ध केली. युरोपियन लोकांच्या आणि मिशनऱ्यांच्या सामानातून ती हिंदुस्थानात आली. येथे जमिनीवर बसून एका हाताने भाता हलवता यावा म्हणून तिची बैठक बदलली, आणि बघता बघता ती भजनी मंडळात, तमाशात, संगीत नाटकात जाऊन बसली. बालगंधर्वांच्या पदांमागचा तो गंभीर ऑर्गनही पाश्चात्त्यच. तिचे स्वर ठरावीक, त्यांच्यामधली मींड तिला काढता येत नाही, म्हणून १९४० मध्ये आकाशवाणीने तिच्यावर बंदी घातली, आणि तीस वर्षे ती उठली नाही. म्हणजे ज्या पेटीला शुद्ध देशी म्हणून आम्ही पुढे केली, तिला परकी म्हणून सरकारी नभोवाणीने दाराबाहेर ठेवले होते! हे आम्हांस २००२ साली ठाऊक असावयास हवे होते. एम.ए.ला संगीत नाटक हा विषय होता आमचा. स्वॅगर्ट महाशयांना हसलेले हसू आम्ही त्या रात्री परत घेतले.

आपल्या या शहरात तर हे उमगण्यास इतका उशीर व्हावयास नको होता. तेलुगू शेजाऱ्यांनी हा प्रश्न आपल्यापेक्षा आधी सोडविला आहे. पुरुषोत्तम चौधरी या कवीने, जन्म १८०३ आणि मृत्यू १८९०, ख्रिस्ती कीर्तने कर्नाटक रागतालांत बांधली. तेलुगू चर्चमध्ये ती आजही म्हणतात, आणि त्याच चर्चमध्ये, त्याच रविवारी, तरुण मुले गिटार आणि ड्रमही वाजवितात. आजोबा कीर्तन म्हणतात, नातू कीबोर्डवर सूर देतो. रविवारी सकाळी सिकंदराबादच्या कोणत्याही जुन्या चर्चवरून जावे, कानावर हे मिश्रण पडतेच. आम्ही तीस वर्षे त्यावरून जात होतो. स्कूटर थांबविली नव्हती, एवढेच.

त्या मुलाच्या आजीचे माहेर जालन्याकडचे. जालन्याजवळ रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी सालारजंगांच्या दिवाणगिरीच्या काळात निजाम सरकारकडून जमीन मिळवून 'बेथेल' हे ख्रिस्ती गाव वसविले, तो हा मुलूख. १९५६ पर्यंत जालना आणि हैदराबाद एकाच राज्यात होती. म्हणजे ही म्हातारी परदेशातून आली नाही, आपल्यापैकी कित्येकांचे आजोबा-पणजोबा आले तशीच मराठवाड्यातून राजधानीकडे आली. आपण आपली गणेशोत्सवाची मंडळे, वाचनालये, परिषदा उभ्या केल्या. त्यांत मराठी टिकावी म्हणून ठराव केले. या घराने मराठी टिकविली ती सुतळीने बांधलेल्या एका पुस्तकात. आम्ही मात्र त्यांच्या नातवाने ती आपल्या वाद्यावर आणली तेव्हा दार लावून घेतले. पुढे तो तेलुगूत गाऊ लागला यात नवल काय? तेथे त्याला कोणी "वाद्य बदलून ये" असे म्हटले नव्हते.

आठ दिवसांनी तो आला तेव्हा आम्ही पेटी काढली नाही. त्याला गिटार काढावयास सांगितले. त्याने आपली बसविलेली चाल वाजवून दाखविली, आणि तत्काळ दोष दिसला. तो दीडशे वर्षांपूर्वीच्या मिशनऱ्यांचाच दोष होता. चाल इंग्रजी पावलांनी चालत होती, त्यामुळे एक अक्षर चिमटीत आणि दुसरे ताणलेले. आम्ही टेबलावर बोटांनी ताल धरला आणि अभंगाचा हिशेब मांडला. मोठ्या अभंगाचे चरण सहा, सहा, सहा आणि चार अक्षरांचे. माधवराव पटवर्धनांनी 'छंदोरचने'त सांगून ठेवले आहे की, अशा छंदात अक्षर ऱ्हस्व असो की दीर्घ, म्हणताना ते दीर्घच मानावयाचे. म्हणजे प्रत्येक अक्षराला सारखा वेळ. सहा अक्षरे आणि दोन मात्रांचा विसावा मिळून आठ. शेवटी चार अक्षरे, आणि मग चार मात्रा मोकळ्या, झांजेला जागा.

"आठ?" तो म्हणाला. "सर, मग हे आमचंच झालं. आमचं सगळं चार-चारच असतं."

भजनी ठेक्याच्याही मात्रा आठच. हे इतके उघड होते की, आम्ही दोघेही थोडा वेळ काही बोललो नाही. मग त्याने चालीतले चढउतार तसेच ठेवले, फक्त अक्षरांना समान पावले दिली, आणि मोकळ्या चार मात्रांत झांजेच्या जागी गिटारच्या तारा छेडल्या. शब्द मोडेनात. एके ठिकाणी त्याने 'ळ'चा 'ल' केला, तो आम्ही सुधारला. एके ठिकाणी आम्ही ताल चुकलो, तो त्याने सुधारला. रात्री साडेनऊपर्यंत हे चालले. आमच्या सौभाग्यवतींनी दोनदा जेवणाची आठवण केली आणि तिसऱ्यांदा त्यालाही पान वाढले.

२४ डिसेंबरच्या संध्याकाळी त्याने आम्हांस घरी नेले. खोली लहान, भिंतीला कागदी तारा, कोपऱ्यात ड्रमवाला मावसभाऊ, आता तोही केस पिकलेला. बाकीची मुले तेलुगू. त्यांनी मराठी शब्द तेलुगू लिपीत लिहून घेतले होते. आजी उशाला टेकून डोळे मिटून पडली होती. त्यांनी भजन म्हटले. पहिल्या चरणानंतर चादरीवरचे तिचे बोट हलू लागले आणि मोकळ्या चार मात्रांवर ते नेमके थांबत गेले. दुसऱ्या कडव्यात पोरांनी एक शब्द गाळला, तो तिने डोळे न उघडताच म्हटला. भजन संपले तरी बोट आणखी एक आवर्तन चालले.

मग तिने डोळे उघडले आणि आमच्याकडे पाहिले. "मास्तर," ती म्हणाली, "पोरांनी म्हटलं बरं. पण पेटी का नाही आणली?"

नातवाने आमच्याकडे पाहिले. आम्ही समोरच्या ताटलीतली करंजी उचलली.